पट्टी पुन्हा जुळेपर्यंत: विषाणूच्या आजारानंतर मंदावलेल्या डोक्यासाठी संगणकावरचा सराव

२०२१ च्या उन्हाळ्यात, दुसऱ्या लाटेत, माझ्या मोठ्या भावाला कोविड झाला. दाखल करावं लागलं नाही. ताप-खोकला पंधरा दिवसांत गेला आणि दीड महिन्यानं दादा सांगलीच्या मार्केट यार्डात, ज्या आडत दुकानात तो नोकरी करतो तिथे, कामावर गेला. बावीस वर्षं हळदीच्या पट्ट्या, म्हणजे शेतकऱ्यांच्या विकलेल्या मालाचे हिशेब, करणारा हा माणूस. मालाचं वजन, सौद्यातला दर, त्यातून हमाली-तोलाई वजा आणि खाली शेतकऱ्याच्या हातात पडणारी रक्कम, हे सगळं तो समोरच्याशी बोलता बोलता करायचा. त्या दिवशी एकच पट्टी त्यानं तीनदा केली आणि तिन्ही वेळा वेगळा आकडा आला. संध्याकाळी घरी येऊन म्हणाला, "आकडे दिसतात गं, पण धरून ठेवता येत नाहीत."

मी संगणकाच्या वर्गात शिकवते. कीबोर्डला हात लावायला घाबरणारी माणसं रोज थोड्या सरावानं कशी मोकळी होतात, हे रोज बघते. त्यामुळे मला वाटलं, संगणकावरच्या सरावानं दादाचं डोकंही मोकळं होईल. काही अंशी ते खरं ठरलं. पण वाटेत मी एक मोठी चूक केली, आणि ती दुसऱ्या घरात होऊ नये म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे. कोविडबद्दल लिहीत असले तरी डेंग्यू, चिकनगुनिया किंवा जोराच्या फ्लूनंतर ज्यांचं डोकं जड राहिलं आहे, वाचलेलं टिकत नाही, शब्द जिभेवर येऊन अडतो, त्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल.

आधी दवाखाना

पुष्कळांच्या डोक्यातलं हे धुकं काही आठवड्यांत आपोआप निवळतं. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या अशी आहे: संसर्गानंतर साधारण तीन महिन्यांनीही त्रास आहे, तो किमान दोन महिने टिकला आहे आणि दुसरं कारण सापडत नाही, तर त्याला कोविडोत्तर विकार म्हणायचं. यातलं "दुसरं कारण सापडत नाही" हे शब्द सगळ्यांत महत्त्वाचे आहेत, कारण ते कारण आधी शोधावं लागतं.

डॉक्टरांकडे जाताना हिमोग्लोबिन, बी-१२, थायरॉइड आणि रक्तातली साखर यांविषयी मुद्दाम विचारा. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणं अगदी नेहमीचं आहे, आणि त्याच्या कमतरतेनंही विसरायला होतं. कोविडमध्ये स्टिरॉइड घेतलेल्यांची साखर वाढलेली असू शकते. रात्री जोरात घोरणं, मध्येच श्वास अडकून दचकणं, सकाळी डोकं दुखणं हे असेल तर तेही सांगा, कारण झोपच नीट होत नसेल तर कुठलाही सराव फुकट जाईल. सर्दीच्या काही गोळ्यांनी दिवसभर गुंगी राहते, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या. मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर तेही सांगायला लाजू नका. आमच्याकडे दादाचं बी-१२ खूप कमी निघालं. इंजेक्शनांनंतर हातापायांच्या मुंग्या गेल्या, डोक्याचा जडपणा थोडा उतरला. पट्टी मात्र जुळत नव्हती.

बोलणं अचानक अडखळणं, तोंड किंवा हात एका बाजूला लुळा पडणं, झटके येणं, कधी नव्हे इतकं डोकं दुखणं, माणसं न ओळखणं, यांतलं काहीही झालं तर हा लेख बाजूला ठेवा आणि ताबडतोब मोठं इस्पितळ गाठा. आपल्या भागात मिरज जवळ आहे, वेळ घालवू नका.

डॉक्टर कदाचित स्मरण आणि लक्ष तपासणारी, मोका नावाची दहा-पंधरा मिनिटांची चाचणी घेतील. ती मराठीत आहे. ३० पैकी गुण असतात, २६ किंवा त्यावर असले की सर्वसाधारण धरतात, आणि शिक्षण बारा वर्षं किंवा त्याहून कमी असेल तर एक गुण वाढवून देतात. दादाला २७ मिळाले आणि तो आणखीच खचला. "म्हणजे मला काही झालंच नाही?" पण ही चाचणी मोठी घसरण पकडण्यासाठी आहे. हिशेबाच्या कामाला लागणारी धार बोथट झाली, तर ती या चाचणीत दिसेलच असं नाही. गुण चांगले आले म्हणून त्रास खोटा ठरत नाही.

सरावानं काय होतं

पैसे भरण्याआधी हा भाग वाचाच. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधल्या एका प्रयोगात ११,४३० लोकांनी सहा आठवडे संगणकावर मेंदूचे खेळ खेळले. ज्या खेळांचा सराव केला त्यांत ते तरबेज झाले, पण इतर चाचण्यांत त्याचा फायदा दिसला नाही. २०१६ मध्ये ल्युमोसिटी या प्रसिद्ध ॲपच्या कंपनीला फसव्या जाहिरातींबद्दल अमेरिकेच्या व्यापार आयोगाशी २० लाख डॉलरची तडजोड करावी लागली. या कोविडोत्तर विकारावर, म्हणजे दीर्घ कोविडवर, अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं मोठा प्रयोग केला. ३२८ माणसं, पाच गट, दहा आठवडे. काहींना ब्रेनएचक्यू हा आपोआप अवघड होत जाणारा सराव दिला, काहींना त्याच्या जोडीला रोजच्या कामातल्या युक्त्या शिकवल्या, काहींना त्याच सरावासोबत डोक्यावरून सौम्य विद्युतप्रवाह दिला, काहींना तो दिल्याचा नुसता देखावा केला, आणि तुलनेच्या गटाला संगणकावरची साधी कोडी सोडवायला दिली. २०२५ मध्ये निकाल आला. थोडी सुधारणा सगळ्याच गटांत झाली, पण कुठलाही गट दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही.

मी यातून काढलेला अर्थ असा: महागडं वार्षिक सदस्यत्व घ्यायची गरज नाही, आणि खेळातला गुणांक हे आपलं ध्येय नाही. पडद्यावर आपण दोनच गोष्टी शिकायच्या. एक, आज आपल्या डोक्यात किती बळ आहे ते ओळखून तेवढंच खर्च करायचं. दोन, सावकाश, एका वेळी एक, तपासत काम करायची सवय लावायची आणि ती आपल्या खऱ्या कामात न्यायची. दादाला जो फायदा झाला तो या दुसऱ्या गोष्टीनं झाला, असं माझं ठाम मत आहे.

पहिला आठवडा: सराव नाही, फक्त वही

एक शंभर पानी वही घ्या. सात दिवस त्यात चारच नोंदी करा: रात्री किती झोप झाली, दिवसात डोकं सगळ्यांत हलकं कधी होतं, वाचताना किंवा पडद्याकडे बघताना किती मिनिटांनी ओळी सरकायला लागतात, आणि आदल्या दिवशीच्या कामाचा आज त्रास झाला का.

चौथी नोंद सोडू नका. विषाणूच्या आजारानंतर काही जणांमध्ये श्रमानंतरची घसरण दिसते. काम करताना बरं वाटतं, आणि बारा ते अठ्ठेचाळीस तासांनी माणूस आडवा होतो. डोक्याचं कामही यात श्रमच असतं. हे मला माहीत नव्हतं. मी उत्साहानं दादाला पहिल्या दिवसापासून तासभर बसवलं. आठव्या दिवशी तो उठलाच नाही. तीन दिवस पडदे ओढून पडून होता, बोलणंसुद्धा सोसत नव्हतं. माझ्या घाईमुळे ते झालं, हे आजही मनाला लागतं.

तुमच्या वहीत अशी घसरण दिसली, तर पुढे लिहिलेल्या सगळ्या वेळा निम्म्या करा. आठवड्यातून दोनदा तसं होत असेल, तर सराव सुरूच करू नका. आधी विश्रांतीचं गणित बसवा, डॉक्टरांना वही दाखवा.

बसायची जागा

मोबाइलपेक्षा संगणक बरा. पडदा मोठा, मध्येच निरोप येत नाहीत आणि सराव संपला की तो बंद करता येतो. अक्षरं १६ ते १८ आकाराची ठेवा, उजेड खोलीच्या उजेडाइतका. वीस मिनिटांहून जास्त बसणार असाल तर वीस फुटांवर वीस सेकंद नजर टाका. उठून बसल्यावर चक्कर येत असेल किंवा छातीत धडधडत असेल तर उशीला टेकून, लॅपटॉप मांडीवर घेऊन करा आणि त्या चक्करेबद्दल डॉक्टरांना सांगा. कधी फिट आली असेल किंवा अर्धशिशी असेल, तर लखलखणारे खेळ टाळा.

कोणते व्यायाम निवडायचे

फुकट मिळणारी साधनं पुरेशी आहेत. ब्रेन वर्कशॉप हा कार्यक्रम "दोन मागे" या प्रकारच्या सरावासाठी चांगला. समजा पडद्यावर ४, ७, ४, २, ४ असे आकडे एकामागून एक येतात. आत्ताचा आकडा दोन घरं मागच्या आकड्याशी जुळला की बटण दाबायचं. इथे तिसऱ्या आणि पाचव्या जागेवरचे ४ असे जुळतात. ऐकायला सोपं वाटतं, पण यात एक गोष्ट मनात धरून ठेवायची, एक सोडायची आणि एक नवी घ्यायची, असं तिन्ही चालू असतं. दादाचं नेमकं तेच बिघडलं होतं. सुरुवात "एक मागे"पासून करा आणि आवाज बंद ठेवा. त्या कार्यक्रमात आवाज आणि चौकोन दोन्ही एकदम असतात, सुरुवातीला त्यातलं एकच घ्या.

जीकॉम्प्री हा मुलांसाठीचा संच आहे. त्यातल्या जोड्या लावण्याच्या आणि क्रम ओळखण्याच्या खेळांना कमी समजू नका. अंकी हा पत्त्यांसारखा कार्यक्रम नावं लक्षात ठेवायला उत्तम, कारण चुकलेला पत्ता लवकर आणि बरोबर आलेला उशिरा परत दाखवतो. दादानं त्यात शेतकऱ्यांची नावं आणि गावं घातली.

सगळ्यांत उपयोगी पडले ते मी घरी बनवलेले दोन सराव, आणि ते कुणालाही जमतील. पहिला लिबरऑफिसच्या स्लाइडांचा. दादानं तरुणपणी मिरज-सातारा पॅसेंजरनं भरपूर प्रवास केला होता, म्हणून एकेका स्लाइडवर एकेक स्थानक लिहिलं: मिरज, विश्रामबाग, सांगली, माधवनगर, नांद्रे, भिलवडी, आमणापूर, किर्लोस्करवाडी, ताकारी, भवानीनगर, शेणोली, कराड. स्लाइड दोन सेकंदांनी आपोआप पुढे सरकते. आधी तीन स्थानकं बघून डोळे मिटून क्रमानं म्हणायची. जमलं की तीच उलट. मग चार. मग मधलं एक गाळून दाखवायचं आणि कुठलं गळलं ते विचारायचं. ओळखीच्या नावांवर सुरुवात केली की मनावर ओझं येत नाही. क्रम सरावानं पाठ झाला की मात्र सोडा आणि यादी बदला. किराणा घ्या, भाचरांची नावं घ्या.

दुसरा सराव कॅल्कच्या, म्हणजे लिबरऑफिसमधल्या हिशेबाच्या तक्त्याच्या, पानावरचा. दहा ओळी, प्रत्येकीत पोती, किलो, दर आणि रक्कम. दोन ओळींत मी मुद्दाम चूक करून ठेवायची आणि त्यानं ती शोधायची. आकडे रोज नवे हवेत, त्यासाठी रँडबिटवीन हे सूत्र वापरलं तर एक कळ दाबली की नवे आकडे येतात. ते तयार झाल्यावर दुसऱ्या पानावर नुसते आकडे म्हणून चिकटवा, नाहीतर चूक करायला गेलात की सगळं पुन्हा बदलेल. शिक्षिका असाल तर गुणपत्रक घ्या, शिंपी असाल तर मापं, गृहिणी असाल तर दूध-पेपरचा महिन्याचा हिशेब. सराव जितका आपल्या कामासारखा, तितका कामात उतरण्याची आशा जास्त.

किती वेळ

पहिले दोन आठवडे: दिवसातून एकदा पाच मिनिटं, आठवड्यातले चारच दिवस. वहीत जी वेळ हलकी दिसली असेल, त्या वेळीच. घड्याळाचा गजर लावा आणि तो वाजला की डाव अर्धा टाकून उठा. "एवढं संपवतो" हे वाक्य घरात बंद करा. थकून थांबण्यापेक्षा थांबून न थकणं आपल्याला हवं आहे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पाच मिनिटं सराव, दहा मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच मिनिटं. विश्रांती म्हणजे डोळे मिटून शांत बसणं. त्या दहा मिनिटांत मोबाइल बघितला तर ती विश्रांती धरायची नाही. पाचव्या आठवड्यापासून पाच पाच मिनिटांचे तीन तुकडे. सातव्यापासून जमलं तर दहा मिनिटांचे दोन, तेही आठवड्यातून पाच दिवसच. यापलीकडे जाऊ नका. दादा दहा मिनिटांवर पाच आठवडे अडकला होता. मी काहीही वाढवलं नाही, आणि त्यानं काही बिघडलं नाही.

अवघडपणा असा ठरवा: दहातले आठ बरोबर येत असतील तर पातळी योग्य. लागोपाठ तीन दिवस नऊ-दहा आले तर एक पायरी वर. सात किंवा कमी आले तर त्याच दिवशी खाली. आणि ज्या आठवड्यात वेळ वाढवाल, त्या आठवड्यात पातळी वाढवू नका. दोन्ही एकदम वाढवलं आणि माणूस आडवा झाला, तर कशानं झाला ते कळत नाही.

पडद्यावरून पट्टीवर

तिसऱ्या आठवड्यापासून सरावानंतर लगेच, थकवा नसेल तर, खऱ्या कामाचा एक छोटा तुकडा करा. दादाच्या मालकांनी समजून घेतलं आणि दोन महिने त्याला सकाळी तीनच तास बोलावलं. सौदे चालू असताना यार्डात प्रचंड आवाज असतो, त्या वेळी त्यानं पट्टी करायची नाही, हेही ठरलं. आधी आम्हाला मालकांशी बोलायचा संकोच वाटला होता. तुम्ही बोला. "डोकं चालत नाही" असं म्हणू नका. "आजारानंतर एका वेळी एकच काम नीट होतं, दोन महिने अर्धा दिवस द्या, मी दहाच पट्ट्या करीन पण बिनचूक करीन," असं मोजून सांगा. समोरच्याला काय द्यायचं ते कळतं.

कामाला बसताना दादा आधी कागदावर लिहायचा: आता काय करतोय. मग पाच पट्ट्या. मग थांबायचं, पाणी प्यायचं, आणि मनाला विचारायचं: मी तेच करतोय ना, की भरकटलो? मग पुढच्या पाच. पट्टी करताना वजन आणि दर तोंडानं पुटपुटायचा. शेजारचे बघायचे, पण कानावर पडलेला आकडा टिकतो. तपासणी लगेच करायची नाही. पंधरा मिनिटांनी, आणि खालून वर. लगेच तपासलं की डोळे मघाचीच चूक पुन्हा बरोबर म्हणून वाचतात.

फोन आला की सगळं सांडायचं. त्यावर एक चिठ्ठी कामी आली. फोन उचलण्याआधी, तो वाजत असतानाच, चिठ्ठीवर लिहायचं: "सातवी पट्टी, दर घातला, हमाली राहिली." फोन संपला की आधी चिठ्ठी वाचायची. हा प्रकार आम्ही घरी पडद्यावर घोटून घेतला. तो दहा ओळींचं पान तपासत असताना मी मध्येच दुसऱ्या खोलीतून फोन करायचे. पहिल्या आठवड्यात तो चिठ्ठी लिहायलाच विसरायचा. तिसऱ्या आठवड्यात हात आपोआप जाऊ लागला. ज्या दिवशी दुकानात पहिल्यांदा न आठवता, न ठरवता त्यानं चिठ्ठी लिहिली, त्या दिवशी त्यानं मला खास फोन करून सांगितलं.

नवीन शेतकऱ्याचं नाव लक्षात ठेवायला वाढत्या अंतरानं आठवणं हा उपाय करून बघा. नाव ऐकलं की लगेच म्हणा, मग एका मिनिटानं, मग दोन, चार, आठ मिनिटांनी. मध्ये चुकलात तर अंदाज लावत बसू नका. नाव पुन्हा बघा आणि मागच्या अंतरावर या. चुकीचं नाव दोनदा तोंडून गेलं की तेच पक्कं होतं.

गाडी चालवणं, गॅसजवळचं काम, औषधांच्या मात्रा यांवर हा सराव करू नका. तिथे चूक परवडत नाही. गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी आणि गॅस बंद केला की दारावरच्या कागदावर खूण, हे खुशाल वापरा.

घरच्यांसाठी

माझी वहिनी शहाणी. तिनं पहिल्या महिन्यातच एक वाक्य सोडून दिलं: "अहो, कालच सांगितलं होतं ना?" त्याऐवजी ती पुन्हा सांगायची, जणू पहिल्यांदाच सांगतेय. एका वेळी एक काम सांगायचं, टीव्ही बंद करून सांगायचं. पाहुण्यांसमोर "ओळखलं का यांना?" असं विचारायचं नाही, आधीच नाव घेऊन बोलवायचं: "अहो, तासगावचे मामा आलेत." मुलांनी सरावाच्या वेळी मागे उभं राहून उत्तरं सांगायची नाहीत.

मोजायचं काय, थांबायचं कधी

दर दोन आठवड्यांनी खेळातले गुण न बघता खऱ्या तीन कामांचं माप घ्या. आमची तीन होती: वीस पट्ट्यांत किती चुका, वर्तमानपत्राचा किती भाग वाचून सांगता येतो, आणि आठवड्यात किती गोळ्या चुकल्या. सुरुवातीला वीस पट्ट्यांत सात चुका होत्या. दहाव्या आठवड्यात दोन. यातलं किती सरावानं, किती बी-१२ नं, किती नुसत्या काळानं, हे वेगळं करता येत नाही, आणि मी तसा दावा करणार नाही.

दहा आठवड्यांनंतर तिन्ही मापं जागची हलली नाहीत, तर सराव थांबवा. तुमचे कष्ट कमी पडले असा त्याचा अर्थ नाही. वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जा, व्यवसायोपचार तज्ज्ञ (रोजची कामं पुन्हा जमवायला शिकवणारे) किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचा पत्ता मागा. मन फारच खचलं असेल तर टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीत बोलता येतं, तो फोन मोफत आहे.

बरं वाटायला लागल्यावरही एक तयारी ठेवा. पुन्हा सर्दी-ताप आला, लग्नाची दगदग झाली, चार रात्री जागरण झालं, तर धुकं परत येऊ शकतं. गेल्या हंगामात ऐन सौद्यांच्या दिवसांत दादाला साधा फ्लू झाला आणि चुका वाढल्या. या वेळी आम्ही घाबरलो नाही. ताप जाईपर्यंत संगणक बंद, मग पहिल्या पायरीवर, पाच मिनिटांवर. वही उघडली, जुन्या नोंदींशी ताडून बघितलं. मागच्या वेळी जिथे पोचायला दहा आठवडे लागले होते, तिथे तो चौथ्या आठवड्यात पोचला. फोन वाजला की चिठ्ठी लिहायची सवय मात्र त्यानं मधल्या काळात कधी सोडलीच नव्हती.